दुकानातून दिलेल्या भेटी वहीत कशा लिहायच्या? घोटीतल्या बत्तीस पिशव्यांचा हिशेब

घोटीत महामार्गालगत दोघा भावांचं भागीदारीतलं धान्याचं दुकान आहे. इगतपुरी तालुक्यातला भात घोटीच्या गिरण्यांवर येतो, तिथून तांदूळ होऊन नाशिक-मुंबईकडे जातो, हे सर्वांना माहीत आहे. हे भाऊ गिरणीवाल्यांकडून दहा किलोच्या छापील पिशव्यांत भरलेला इंद्रायणी घेतात आणि हॉटेलवाले, केटरर, किरकोळ गिऱ्हाईक यांना विकतात. गेल्या वर्षी ३१ मार्चला गोदाम मोजलं तेव्हा वहीप्रमाणे जितक्या पिशव्या हव्या होत्या त्यापेक्षा ३२ कमी भरल्या.

आधी संशय गोदामावरच्या मुलावर गेला. त्याला दुकानावर येऊ नको म्हणून सांगितलं गेलं. मग धाकट्याला थोरल्याबद्दल वाटू लागलं, थोरल्याला धाकट्याबद्दल. घरातल्या बायकांपर्यंत गोष्ट गेली. आम्ही शाळेत शिकवतो, सीए नाही. पण त्यांची मुलगी बारावी कॉमर्सला आहे आणि तिच्या अभ्यासाच्या निमित्ताने आमचं त्या घरी जाणं-येणं आहे. म्हणून वही आमच्यासमोर आली. दोन रात्री बसून दोघांना आठवायला लावलं. पिशव्या चोरीला गेल्याच नव्हत्या. दिल्या गेल्या होत्या. दिवाळीला, रमजान ईदला, नवीन गिऱ्हाईक धरताना, बहिणीच्या घरी. एकही लिहिलेली नव्हती.

"सर, दिलं ते दिलं. ते लिहायचं कशाला?" असं थोरले भाई म्हणाले. त्यांच्या बोलण्यात वाईट काही नाही. आपल्याकडे देऊन झाल्यावर मोजू नये, बोलून दाखवू नये अशीच शिकवण आहे. पण ती शिकवण आपल्या खिशातून देणाऱ्याला लागू पडते. दुकानाच्या मालात भावाचा वाटा आहे, सरकारचा कर आहे, बँकेचं कर्ज आहे. आणि नोंद नसल्यामुळे एका गरीब मुलाचं नाव चोरीला लागलं, ते वेगळंच. नऊ दिवसांनी त्याला परत बोलावलं, त्या दिवसांची मजुरी दिली, माफीही मागितली. तेव्हापासून हा विषय नीट लिहून काढावा असं डोक्यात होतं.

मुलगी वहीत करते, बाप दुकानात करत नाही

गंमत अशी की हाच प्रश्न बारावीच्या पुस्तपालन आणि लेखाकर्म या विषयात दरवर्षी मुलं सोडवतात. अंतिम खात्यांच्या गणितात खाली समायोजना दिलेल्या असतात, त्यात एक ठरलेली असते: अमुक रुपयांचा माल मोफत नमुने म्हणून वाटला. मुलं काय करतात? व्यापार खात्याच्या जमा बाजूला ती रक्कम घेतात आणि नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला जाहिरात खर्च म्हणून दाखवतात. दोन गुण मिळतात. दुसरी समायोजना: मालकाने घरखर्चासाठी माल नेला. ती व्यापार खात्याच्या जमा बाजूला आणि भांडवलातून वजा, उचल म्हणून.

पाया इतकाच आहे. दुकानातून माल विक्रीशिवाय बाहेर गेला की तो खरेदीतून किमतीने कमी करायचा आणि ज्या कारणासाठी गेला त्या खात्याला नावे टाकायचा.

न लिहिल्याने नेमकं काय बिघडतं? अखेरचा साठा कमी भरतो, त्यामुळे विकलेल्या मालाची किंमत फुगते आणि ढोबळ नफा कमी दिसतो. म्हणजे भेट दिलेला तांदूळ हिशेबात तोट्याने विकल्यासारखा दिसतो. या भावांना पिशवी पडली ५५० रुपयांना, ३२ पिशव्यांचे झाले १७,६०० रुपये. ढोबळ नफा तेवढ्याने खाली आला होता, आणि का आला हे वही सांगू शकत नव्हती.

एक लक्षात ठेवावं: भेटीची नोंद खरेदी किमतीने करायची, विक्री किमतीने नाही. पिशवी ६४० ला विकली जात असली तरी ५५० च. जो नफा कमावलाच नाही तो भेटीत घालून खर्च फुगवायचा नसतो.

त्यावर जीएसटी चढतो तेव्हा

सुटा तांदूळ जीएसटीतून मुक्त आहे. पण १८ जुलै २०२२ पासून आधीच भरलेल्या, लेबल लावलेल्या २५ किलोपर्यंतच्या पिशवीवर ५ टक्के कर लागतो. म्हणून भावांच्या ५५० च्या पिशवीवर २७ रुपये ५० पैसे कर गिरणीवाल्याला गेला होता आणि तो त्यांनी इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून घेतला होता. विकलेल्या पिशवीबद्दल ते बरोबर आहे.

भेट दिलेल्या पिशवीबद्दल नाही. केंद्रीय जीएसटी कायदा २०१७ च्या कलम १७(५)(एच) मध्ये साफ लिहिलं आहे की हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला, वहीतून काढून टाकलेला आणि भेट किंवा मोफत नमुना म्हणून दिलेला माल यांवरचं क्रेडिट मिळत नाही. घेतलं असेल तर परत करायचं. ७ मार्च २०१९ च्या परिपत्रकातही (क्रमांक ९२) मोफत नमुन्यांबद्दल हेच सांगितलं आहे. दिलेल्या भेटीवर विक्रीसारखा कर लावायचा नाही, कारण मोबदलाच नाही. पण खरेदीवरचा कर आपल्या अंगावर राहतो. तो मग भेटीच्या खर्चातच मिळवायचा.

म्हणजे एक पिशवी भेट दिली की खर्च ५५० नाही, ५७७ रुपये ५० पैसे. ३२ पिशव्यांचे १८,४८०, त्यातले ८८० रुपये क्रेडिट परत करायचे. जीएसटीआर-३बी मध्ये ही रक्कम तक्ता ४(बी)(१) मध्ये जाते, जिथे कायमचं परत केलेलं क्रेडिट दाखवतात.

कंपोझिशनमध्ये असलेल्यांना क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे त्यांना परत करण्याचा प्रश्न नाही. करासकट पडलेली पूर्ण किंमत खर्चात. ज्यांची उलाढाल कमी असल्यामुळे नोंदणीच नाही त्यांचंही तसंच. पण साठ्याची नोंद त्यांनाही करावीच लागते, नाहीतर त्यांच्याही गोदामात कुणाचं तरी नाव निघेल.

बत्तीस पिशव्या कुणाकडे गेल्या

आठवून, फोन करून, बायकांना विचारून यादी तयार झाली. चौदा जुन्या गिऱ्हाइकांना. चार नवीन केटररना, शिजवून बघा म्हणून. सहा दुकानातल्या तिघा कामगारांना, ईदला एक आणि दिवाळीला एक. पाच नातेवाइकांकडे. आणि तीन एका कार्यालयात.

पहिल्या चौदा म्हणजे सरळ व्यावसायिक भेट. संबंध टिकावेत, पुढच्या हंगामात माल आपल्याकडून उचलावा म्हणून दिलेल्या. आयकरात धंद्यासाठी पूर्णपणे आणि केवळ धंद्यासाठीच झालेला खर्च मान्य होतो. १९६१ च्या कायद्यात हे कलम ३७(१) होतं. ही भेट त्यात बसते, पण कुणाला दिली हे सांगता आलं तर. रोजकीर्दीतली नोंद अशी होते:

भेटवस्तू खर्च खाते नावे ८,०८५
खरेदी खात्याला जमा ७,७००
इनपुट सीजीएसटी खात्याला जमा १९२.५०
इनपुट एसजीएसटी खात्याला जमा १९२.५०
(१४ पिशव्या इंद्रायणी जुन्या गिऱ्हाइकांना भेट दिल्याबद्दल, यादी सोबत)

नमुन्याच्या चार पिशव्यांची नोंदही अशीच, फक्त वर जाहिरात खर्च किंवा मोफत नमुने खाते घ्यायचं: २,३१० रुपये. काही जण दोन्ही एकत्रच टाकतात. आमचं मत, वेगळं ठेवावं. वर्षाअखेरीला चार नमुन्यांतून किती केटरर गिऱ्हाईक झाले हे कळतं. इथे दोन झाले. चौदा भेटींतून काय आलं हे कुणीच सांगू शकत नाही.

कामगारांच्या सहा पिशव्या, ३,४६५ रुपये, कर्मचारी कल्याण खर्च. इथे थोडं थांबून समजून घ्यायला हवं. मालकाने नोकराला एका आर्थिक वर्षात ५०,००० रुपयांपर्यंत दिलेली भेट जीएसटीत पुरवठा धरली जात नाही, असं कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणून त्यावर कर भरायचा नाही. पण त्याचा अर्थ क्रेडिट ठेवता येतं असा नाही. भेट ती भेटच, क्रेडिट परत. ही गल्लत अनेकांकडून होते. आयकरात १९६१ च्या कायद्याखालच्या नियमांप्रमाणे वस्तूरूपात वर्षाला ५,००० रुपयांपर्यंतची भेट नोकराच्या उत्पन्नात धरत नव्हते. रोख दिली तर ती मात्र पगाराचाच भाग.

म्हणून ईदी. ईदच्या दिवशी हातात ठेवलेले दोन हजार रुपये आपण ईदी म्हणतो, वही त्याला बोनस किंवा मजुरी म्हणते. पगारपत्रकात सही घेऊन लिहा. "तोहफा" असं लिहिल्याने ते वस्तूरूप होत नाही.

पाच पिशव्या नातेवाइकांकडे गेल्या. तीन थोरल्या भाईंनी नेल्या, दोन धाकट्यांनी. बहिणीला दिलं, आपाच्या मुलीच्या साखरपुड्याला दिलं, यात धंद्याचा काही संबंध नाही. ही उचल. ज्याने नेल्या त्याच्या उचल खात्याला नावे, थोरले १,७३२ रुपये ५० पैसे, धाकटे १,१५५. खरेदी जमा, आणि क्रेडिट इथेही परत, कारण वैयक्तिक वापराच्या मालावरही ते मिळत नाही. त्याच कलमात आधीचं उपकलम आहे. भागीदारीत ही नोंद सगळ्यांत जास्त गरजेची, कारण न लिहिल्यास एका भावाने नेलेला तांदूळ दुसरा भाऊ अर्ध्याने भरतो. सख्खे भाऊ आहेत, काय फरक पडतो, असं म्हणणारे असतात. फरक पडला नव्हता का?

त्या तीन पिशव्या

थोरले भाई यावर बोलायला तयार नव्हते. एका कार्यालयात काम अडलं होतं, ईदच्या निमित्ताने "साहेबांच्या घरी" तीन पिशव्या पोचत्या केल्या.

ही भेट नाही. नाव भेटीचं आहे. हदीसच्या संग्रहांत, बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत, इब्न अल-लुतबिय्या यांचा प्रसंग आहे. त्यांना जकात वसूल करायला पाठवलं होतं. परत आल्यावर त्यांनी काही माल बैतुलमालचा म्हणून दिला आणि काही मला भेट मिळाला म्हणून बाजूला ठेवला. त्यावर रसूलुल्लाह यांनी मिंबरवरून विचारलं, त्याचा आशय असा की आई-वडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ही भेट त्याच्याकडे आली असती का. हिशेबाच्या दृष्टीनेही आम्हाला यापेक्षा चांगली कसोटी सापडलेली नाही. समोरचा माणूस त्या खुर्चीवर नसता तर ही पिशवी आपण त्याच्याकडे पाठवली असती का? उत्तर नाही असेल, तर ते भेटवस्तू खात्यात जात नाही.

कायद्याचंही तेच. गुन्हा असलेल्या किंवा कायद्याने मनाई असलेल्या कामासाठीचा खर्च आयकरात खर्च म्हणून मान्य नाही. २२ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपेक्स लॅबोरेटरीजच्या प्रकरणात औषध कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या भेटींचा खर्च नाकारला, कारण डॉक्टरांना त्या घेण्याची मनाई होती; घेणाऱ्याला मनाई असेल तर देणाऱ्यालाही सूट नाही. आणि लोकसेवकाच्या बाबतीत तर २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणंही गुन्हा आहे. देणाऱ्यावर जबरदस्ती झाली असेल तर सात दिवसांत तक्रार करण्याची सोय त्यात ठेवली आहे.

मग वहीत काय करायचं? १,७३२ रुपये ५० पैसे थोरल्या भाईंच्या उचलीला गेले. धाकट्याने तो खर्च अर्धा उचलायला नकार दिला आणि आम्हाला ते योग्य वाटलं. पुढे असं काही द्यायचं नाही, हे त्या बैठकीत ठरलं. ते पाळलं जातं का, हे आम्ही विचारलेलं नाही.

दहावर एक मोफत

ही भेट नाही, हे आवर्जून सांगतो. दहा पिशव्या घेतल्या की अकरावी मोफत, अशी योजना असेल तर अकरा पिशव्या एका किमतीला विकल्या असं धरतात. त्याच परिपत्रकात तसं स्पष्ट केलं आहे. क्रेडिट परत करायचं नाही, भेटवस्तू खर्चही टाकायचा नाही. फक्त बिलावर अकरा लिहायच्या. आपले दुकानदार बिलावर दहा लिहितात आणि अकरावी हाताने ठेवतात. मग साठा जुळत नाही आणि ती पिशवी भेट ठरते. बिलावरच दिलेली सूट बिलातच वजा करून दाखवावी, तिची वेगळी नोंद लागत नाही.

विकत घेऊन दिलेल्या वस्तू

भिंतीवरची घड्याळं, डायऱ्या, पिशव्या, मिठाईचे डबे. हा आपला माल नाही, बाहेरून आणलेला. समजा दुकानाचं नाव छापलेली ४० घड्याळं घेतली, एक २५० रुपयांना. झाले १०,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी १,८००. वाटायचीच असल्यामुळे क्रेडिट घ्यायचंच नाही, पूर्ण ११,८०० भेटवस्तू व जाहिरात खर्चाला नावे, बँकेला जमा. बँकेलाच, कारण एका दिवसात एका माणसाला धंद्याच्या खर्चापोटी १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही.

३१ मार्चला दहा घड्याळं कपाटात उरली असतील तर एक २९५ प्रमाणे २,९५० रुपये शिल्लक भेटवस्तू म्हणून ताळेबंदात दाखवावेत आणि खर्चातून कमी करावेत. पाच-पन्नास पेनांसाठी एवढा खटाटोप करायची गरज नाही. घड्याळं, कुकर, बॅगा अशा वस्तूंसाठी करावा.

मिठाईच्या डब्याबद्दल एकच: पक्कं बिल दुकानाच्या नावाने घ्या. घरच्या ईदची मिठाई आणि दुकानाची मिठाई एकाच बिलात असेल तर दोन बिलं करून मागा, हलवाई देतो.

रमजानचा रेशन किट आणि जकात

याबद्दल आम्हाला सगळ्यांत जास्त विचारलं जातं. रमजानमध्ये दुकानातूनच तांदूळ, डाळ, तेल, साखर काढून किट बांधले आणि गरजूंना वाटले. मालक ते मनात जकात धरतो आणि मुनीम ते भेटवस्तू खर्चात लिहितो. दोन्ही एकत्र बरोबर नाही. जकात ही मालकाची स्वतःची जबाबदारी आहे, दुकानाची जाहिरात नाही. म्हणून ती उचल. भागीदारीत ज्याची जकात त्याची उचल. दोघांची समसमान असेल तर निम्मी-निम्मी, पण प्रत्येकाच्या नावावर.

कामगाराला दिलेला किट तर आणखी जपून. तो त्याच्या कामाच्या बदल्यात, बोनसच्या जागी किंवा दरवर्षीच्या ठरलेल्या अपेक्षेने दिला असेल तर ती मजुरी आहे आणि मजुरी जकातीत धरता येत नाही. कामगार खरोखर गरजू असेल आणि त्याचा हक्क पूर्ण देऊन वर जकात दिली असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या भागातल्या मुफ्ती साहेबांना विचारून घ्या. वहीत मात्र हे दोन रकाने कधी एक होऊ देऊ नका. जकातीच्या तारखेला साठा मोजताना भेट गेलेला माल साठ्यात नसतो, आणि नोंद नसेल तर तो तुम्ही वहीवरून साठ्यात धरून बसता.

संस्थेला दान दिलं आणि कलम ८०जी ची वजावट हवी असेल तर वस्तू चालत नाही, आणि रोख २,००० च्या वर चालत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्या.

कंपनीकडून आपल्याला मिळालेली भेट

सिमेंट, रंग, पंप, खतं, मोबाइल विकणाऱ्या आपल्या बिरादरीतल्या अनेकांना योजनेत टीव्ही, सोन्याचं नाणं, परदेश सहल मिळते. ती घरी जाते, वहीत येत नाही. पण धंद्यामुळे मिळालेला लाभ हे धंद्याचं उत्पन्नच आहे, रोख असो की वस्तू. शिवाय १ जुलै २०२२ पासून कलम १९४आर लागू झालं: एका व्यक्तीला आर्थिक वर्षात २०,००० पेक्षा जास्त लाभ दिला तर देणाऱ्याने १० टक्के टीडीएस कापायचा. कंपनी तो तुमच्या पॅनवर भरते, तुमच्या २६एएस मध्ये दिसतो. आयकर खात्याला टीव्हीची बातमी तुमच्या आधी पोचलेली असते.

समजा पंप कंपनीने ९०,००० ची मोटारसायकल दिली आणि ती दुकानाच्या कामाला वापरता. वाहन खाते नावे ९०,०००, कंपनीकडून मिळालेला प्रोत्साहन लाभ खात्याला जमा ९०,०००. वस्तूमधून टीडीएस कापता येत नाही, म्हणून गाडी देण्याआधी कंपनी तुमच्याकडून ९,००० रुपये कर भरल्याची खात्री मागते, किंवा स्वतः भरते. तुम्ही भरले तर आगाऊ कर म्हणून नावे, बँक जमा. गाडी धंद्यात वापरत असाल तर पुढे घसारा मिळतो. घरी वापरत असाल तर वाहन खात्याऐवजी उचल, उत्पन्न मात्र तेवढंच.

उलट बाजूने, आपण इतकी मोठी भेट कुणाला देत असू तर टीडीएस आपल्यावर येतो. एकट्या मालकाच्या दुकानाला मागच्या वर्षी उलाढाल एक कोटीपर्यंत असेल तर यातून सूट आहे. भागीदारी पेढीला ती सूट नाही, हे ध्यानात असू द्या. बिलातली सूट आणि दहावर एकसारखी योजना यांना हा टीडीएस लावत नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होण्याची तारीख आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदललेले आहेत आणि नियमही नव्याने येतात, त्यामुळे वर दिलेले आयकराचे क्रमांक व मर्यादा विवरणपत्र भरण्याआधी आपल्या सीएकडून एकदा पडताळून घ्या. जमा-नावेचा भाग कुठेही जाणार नाही.

एक प्रश्न लग्नाचाही येतो. मुलाच्या लग्नात गिऱ्हाइकांनी दिलेला आहेर दुकानाच्या वहीत आणू नका. ज्याचं लग्न त्याला मिळालेला आहेर करमुक्त आहे. वडिलांच्या हातात, वडिलांसाठी म्हणून नातेवाईक नसलेल्यांनी दिलेलं मात्र त्या सवलतीत येत नाही. वर्षात असं सगळं मिळून ५०,००० च्या वर गेलं तर पूर्ण रक्कम उत्पन्नात येते. लिफाफ्यावर नाव कुणाचं आहे ते बघून घ्यावं.

व्हाउचर

कागद साधा असावा. तारीख, वस्तू, नग, खरेदी किंमत, कुणाला, कशासाठी, कुणी दिली, सही. "कशासाठी" हा रकाना रिकामा ठेवू नका. "ईदनिमित्त" पुरेसं नाही; "जुनं गिऱ्हाईक, ईदनिमित्त" किंवा "घरी" एवढं तरी हवं. घेणाऱ्याची सही मागायची नाही, ते कसंतरीच दिसतं. टॅली वापरणाऱ्यांनी हे बघावं की जर्नल व्हाउचरने रक्कम फिरते, पण मालाचे नग स्टॉक जर्नलने कमी केल्याशिवाय गोदाम जुळत नाही. या भावांकडे टॅली आहे. त्यांनी घरात नेलेल्या दोन पिशव्यांची रक्कम एकदा लिहिली आणि नग तसेच ठेवले होते, म्हणून आमच्या मोजणीत पहिल्या रात्री घोळ झाला.

सूरह बकराची २८२ वी आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, लहान असो की मोठा, लिहायचा कंटाळा करू नका असं बजावते. भेट ही उधारी नाही, त्यामुळे तो हुकूम इथे जसाच्या तसा लावता येत नाही. आम्ही फक्त सवयीसाठी त्याचा दाखला देतो. उधारीची चोपडी आपल्या प्रत्येक दुकानात असते. त्याच चोपडीची शेवटची दहा पानं भेटींसाठी मोडून ठेवली तरी काम होतं.

आठ टक्के किंवा सहा टक्क्यांच्या अंदाजित नफ्यावर विवरणपत्र भरणाऱ्यांना भेटवस्तूंचा खर्च वेगळा मिळत नाही, तो त्या टक्क्यातच आला. तरी नोंद करा, कारण जीएसटीचं क्रेडिट परत करणं त्यामुळे टळत नाही.

मागचं राहिलेलं

बंद झालेल्या वर्षाची वही मागच्या तारखेने दुरुस्त करायची नसते. ज्या दिवशी चूक कळली त्या दिवसाच्या तारखेने, "मागील वर्षाशी संबंधित" असं लिहून नोंद घ्यायची. चुकीचं क्रेडिट नुसतं खात्यात पडून असेल तर ते परत करणं पुरे. ते वापरून कर भरला असेल तर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज द्यावं लागतं. भावांच्या बाबतीत ३१ मार्चचं वर्ष बंद व्हायला अजून वेळ होता, खाती सीएकडे गेली नव्हती, म्हणून नोंदी त्याच वर्षात बसल्या. पेढीच्या खर्चात १३,८६० रुपये आले, दोघांच्या उचलीत मिळून ४,६२०. परत करायचे ८८० रुपये त्यांनी पुढच्या ३बी मध्ये दाखवले, आणि दिवाळीपासून क्रेडिट वापरलं गेलं होतं म्हणून काही रुपये व्याजही भरलं. व्याजाची रक्कम इतकी छोटी होती की थोरले भाई हसले. गोदामावरच्या मुलाला मात्र आता व्हाउचरचं पुस्तक सांभाळायला दिलं आहे. पिशवी बाहेर जायच्या आधी तो कागद मागतो, मालकाकडूनही.